केळीचं पान घेऊन कुठं जायचं?

प्रति,
मा. कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ,
जळगाव

महोदय,


‘जैवतंत्रज्ञानाच्या प्रमुख शाखा सांगून त्यांचे व्यावहारिक उपयोग लिहा’ हा बी.एस्सी.च्या पेपरातला हक्काचा प्रश्न. जळगाव-धुळे-नंदुरबारची आपली मुलं त्याचं उत्तर पाठ करून जातात. शेतीचं ते हिरवं, औषधांचं ते लाल, कारखान्याचं ते पांढरं, समुद्राचं ते निळं. उदाहरणाला स्कॉटलंडची डॉली मेंढी ठरलेली. दहापैकी आठ मार्क पडतात, आणि तोच मुलगा सुट्टीत घरी जाऊन बापाबरोबर टिश्यूची केळी लावतो, बीटीची सरकी लावतो. पेपरातलं आणि वावरातलं हे एकच आहे, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी यावल तालुक्यातला. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. घरची थोडी केळी आहे, थोडा कापूस. हे खुलं पत्र कृषिमंत्र्यांना किंवा एखाद्या कंपनीला न लिहिता आपल्याला का लिहितोय, ते पुढं येईल. मागणी मात्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्धवट वाचलं गेलं तरी काम होईल. विद्यापीठानं शेतकऱ्यांसाठी तपासणीची एक खिडकी उघडावी. पान आणा, बी आणा, वाजवी पैसे भरा आणि मराठीत लिहिलेलं उत्तर घेऊन जा.

जैवतंत्रज्ञान खानदेशात ‘येणार’ आहे, असं आजही व्यासपीठावरून सांगतात तेव्हा हसू येतं. ते इथं येऊन मुरलंसुद्धा. बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी आंबवणाऱ्या आमच्या बायका सूक्ष्मजीवांनाच कामाला लावत आल्या, पण ते जुनं झालं, कारखान्याचं बघा. १९७८ साली भवरलाल जैन यांनी जळगावातला केळी भुकटीचा एक आजारी कारखाना घेतला आणि भुकटी सोडून तिथं पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. कच्च्या पपईला चिरा पाडल्या की पांढरा चीक गळतो. त्यात प्रथिनांचे तुकडे पाडणारं हे विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. मांस मऊ करायला, बिअर गढूळ होऊ नये म्हणून, पचनाच्या औषधांत ते वापरतात. जळगावात शुद्ध केलेलं पपेन परदेशी गेलं. पुढं त्याच उद्योगाच्या ठिबकच्या नळ्यांचा बोलबाला इतका झाला की पपेनचं नाव मागं पडलं. ‘पांढऱ्या’ शाखेचं याहून चांगलं उदाहरण आपल्या मुलांना कुठलं हवं?

पण खानदेशाचं अर्थकारण फिरवलं ते केळीच्या रोपानं. आधी बसराई, श्रीमंती अशा वाणांचे कंद असत. जुन्या बागेतून मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, खणून आणायचे, बैलगाडीत भरायचे. कंदाबरोबर सूत्रकृमी येत, सोंडकिडा येई. बाग एकसारखी निसवत नसे, म्हणजे सगळ्या झाडांचे घड एकदम बाहेर पडत नसत, आणि पहिला घड हाती यायला दीड वर्ष जाई. १९९०च्या दशकात जळगावात उतीसंवर्धनाची ग्रँड नैनची रोपं तयार होऊ लागली. ठिबकची आणि खतांच्या वेळापत्रकाची जोड मिळाली तशी अकरा-बारा महिन्यांत कापणी आली, आणि सगळी बाग आगेमागे पंधरवड्यात निसवू लागली. हे एकाच वेळी निसवणं शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल. कंटेनर भरायचा असतो त्याला त्याची किंमत कळते. रावेर-सावद्याची केळी आखातात जाते ती या एकसारखेपणाच्या जोरावर. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं.

उतीसंवर्धनाच्या बाटलीत काय घडतं ते मी एका प्रयोगशाळेत उभा राहून पाहिलं आहे. गाळलेल्या हवेच्या झोतासमोर मुली ओळीनं बसलेल्या, तोंडाला मास्क, हाती चिमटा आणि धारदार पातं. तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा निवडलेला असतो. त्याच्या सालीमागून साली उतरवत जातात, आणि बोटाच्या पेराएवढा पांढराशुभ्र गाभा उरतो. वाढीचा बिंदू त्यातच. निर्जंतुक करून तो बाटलीतल्या अगारच्या थरावर ठेवायचा. त्या थरात साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि फुटवे आणणारी संप्रेरकं. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या उतींसाठी बसवलेली ही कृती आजही जगभर चालते. दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे सोडवून नव्या बाटलीत लावायचे. मात्र ते कितीही वेळा करता येत नाही. सात-आठ फेऱ्यांपलीकडं ताणलं की रोपांत विकृती दिसू लागते, आणि लोभी माणूस नेमका तिथंच ताणतो. त्यानंतर मुळं फुटवायची, पॉलिहाऊसमध्ये ट्रेत सवय करायची, मग शेडनेटखाली पिशवीत वाढवायचं. चार-पाच पानांचं झालं की रोप शेतात.

मेख आहे ती मातृझाडात. बाटलीच्या वाटेनं बुरशी गळते, सूत्रकृमी गळतात. विषाणू मात्र गाभ्याबरोबर आत जाऊ शकतो. मातृझाड निरोगी असेल तर हजारो निरोगी रोपं, ते आजारी असेल तर आजारही हजारोंनी. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ साली उतीसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत आणली. मातृझाडाची विषाणूतपासणी, रोपांच्या तुकडीची तपासणी, मग प्रमाणित असल्याचं लेबल. कागदावर उत्तम. गावातल्या रोपवाटिकेतून टेम्पोत भरून येणाऱ्या रोपांचं लेबल मागितलं तर काय उत्तर मिळतं, ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आमच्याकडं त्या विषाणूला ‘हरण्या’ म्हणतात. पुस्तकात कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. जुलै-ऑगस्टात आभाळ भरून राहिलं, रिपरिप लागली, की जूनमध्ये लावलेल्या कोवळ्या मृगबागेत तो दिसू लागतो. पानावर शिरांना धरून पिवळे पट्टे, पोंगा आवळलेला, पुढं पोंग्यात सड. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो; काकडीवर्गातली पिकं, मिरची, टोमॅटो, बांधावरचं तण, सगळीकडं त्याचं घर. औषध नाही. झाड कंदासकट उपटायचं आणि शेताबाहेर नेऊन जाळायचं किंवा खोल पुरायचं.

नात्यातल्या एका तरुणाच्या बागेत हे मी पाहिलं. पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी सतराशेहून जास्त रोपं. सकाळी मजूर ओळीनं फिरून पट्टे दिसलेल्या झाडाला फडक्याची चिंधी बांधत, दुपारी ती झाडं उपटून पोत्यात घालून बांधावर नेत. चौथ्या दिवशी चिंध्या संपल्या. ज्याच्याकडून रोपं घेतली तो म्हणाला, रोपं चोख होती, शेजारच्या काकडीवरून मावा आला. हा म्हणाला, रोग रोपातूनच आला. महोदय, यात दोघंही खरे असू शकतात. निवाडा करायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे लागवडीआधी त्या तुकडीतल्या काही रोपांची पानं तपासून घेणं. ते झालं नव्हतं. त्यामुळं भांडण उरलं, भरपाई नाही.

आता गंमत बघा. सीएमव्ही हा आरएनए विषाणू आहे, तो शोधायची खात्रीची चाचणी आरटी-पीसीआर. कोविडच्या दोन वर्षांत हा शब्द आमच्या गावातल्या ऐंशीच्या घरातल्या आजीबाईंनाही पाठ झाला. नाकातला नमुना तालुक्याला दिला की रिपोर्ट मोबाइलवर यायचा. माणसासाठी जे जमलं ते एकरभर केळीसाठी का जमू नये? पीसीआरचं यंत्र आज जीवशास्त्राच्या बहुतेक पदव्युत्तर विभागांत असतं. अडतं ते यंत्र आणि बांध यांच्यामधल्या रस्त्यावर.

हरण्या तरी ओळखीचा आहे. त्याहून मोठं संकट पनामा मर रोगाच्या टीआर-४ या प्रकाराचं. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या केळीत तो सापडला आहे. मातीत राहणारी ही बुरशी बुटाला, फावड्याला, कंदाला चिकटून प्रवास करते, आणि एकदा मातीत बसली की वर्षानुवर्षं हटत नाही. जगाच्या बाजारात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रो मिशेल जातीची केळी चाले. मर रोगाच्या आधीच्या प्रकारानं ती बाजारातून घालवली आणि कॅव्हेंडिश आली. आमची ग्रँड नैन कॅव्हेंडिशच्याच कुळातली, आणि उतीसंवर्धनामुळं प्रत्येक झाड शेजारच्याची हुबेहूब नक्कल. ज्या एकसारखेपणावर आम्ही कंटेनर भरतो तोच रोगालाही रान मोकळं करून देतो. ऑस्ट्रेलियानं २०२४ साली टीआर-४ला दाद न देणाऱ्या जनुक-सुधारित कॅव्हेंडिशला मान्यता दिली. त्यातलं प्रतिकाराचं जनुक रानकेळीचं आहे. आपल्याकडं लखनौच्या संस्थेनं ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीवर आधारित ‘फ्युसिकाँट’ तयार केलं. हे सारं उद्या रावेरच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायचं? सध्या तरी कृषी केंद्राचा काउंटरवाला सांगतो, आणि तो जे शिल्लक असेल ते सांगतो.

कापसाचं दुखणं वेगळं आहे, मूळ तेच. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं जनुक कापसात घालून केलेल्या बीटीला देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचं बीजी-२ आलं. पहिली वर्षं धुळे, शिंदखेडा, अमळनेर, चोपडा, सगळीकडं फवारण्या घटल्या, उत्पन्न वाढलं. तंत्रज्ञानाला शिव्या घालणाऱ्यांनी हे विसरू नये. बोंडअळीच्या फवारणीनं चक्कर येऊन पडलेली माणसं मी त्याआधी पाहिली आहेत.

मात्र बीटीबरोबर एक अटही आली होती. कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावायच्या. पाकिटासोबत त्यासाठी वेगळी पुडी मिळे. कारण असं की बीटी खाऊनही तगलेल्या थोड्या अळ्यांच्या पतंगांना मिलनासाठी साध्या कापसावरचे भरपूर पतंग भेटले पाहिजेत, म्हणजे पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणारी निघते. ही अट कुणी नीट समजावलीच नाही. ‘यात अळी येते, लावू नका,’ असं सांगून ती पुडी बांधावर फेकली गेली. त्यात आमची फरदड. ठिबक आहे, पाणी आहे, तर डिसेंबरात कापूस का उपटायचा, मार्चपर्यंत चार वेचण्या आणखी निघतील, हा हिशोब. गुलाबी बोंडअळीला बारा महिने घर मिळालं. गुजरातेत तिनं पहिल्या जनुकाला दाद देणं सोडल्याचं २०१० साली जाहीर झालं, पुढं दुसऱ्यालाही, आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रातली बोंडं किडली. शेतकरी म्हणाला बियाणं बोगस, कंपनी म्हणाली पुडी लावली नाही, सरकारनं पंचनामे केले. इथंही सगळे थोडेथोडे खरे. माझं मत विचाराल तर सर्वांत मोठा दोष त्या पुडीचं विज्ञान शेतकऱ्याच्या भाषेत न सांगणाऱ्या शिकलेल्या लोकांचा, म्हणजे आम्हा मास्तरांचा आणि आपल्या प्राध्यापकांचाही.

आता चोरबीटी. तणनाशक मारलं तरी न जळणारा कापूस. देशात मंजुरी नाही, तरी मे महिन्यात कच्च्या चिठ्ठीवर किंवा चिठ्ठीशिवाय पाकिटं फिरतात. निंदणीची मजुरी पाहता शेतकरी त्याकडं का वळतो ते कळतं. पण पाकिटात नक्की काय आहे हे त्याला कळायला नको का? पान चुरडून द्रावणात घालायचं, त्यात कागदी पट्टी बुडवायची, दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते, गर्भचाचणीच्या पट्टीसारखंच. बीटीचं प्रथिन आहे की नाही, तणनाशक सोसणारं आहे की नाही, इतपत समजतं. आपल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका दुपारी शिकवता येईल असं हे काम आहे.

वांग्याचं थोडक्यात. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही २०१६चं मानांकन आहे, आणि शेंडा व फळ पोखरणारी अळी त्यालाही सोडत नाही. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१०मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती आणली. बांगलादेशानं २०१३मध्ये तेच वांगं मंजूर केलं. स्थगिती तेव्हा चुकीची होती असं मी म्हणत नाही. देशी वाणांशी संकर होईल ही शंका रास्त होती. पण शंका घेतली की तिचा छडाही लावायचा असतो. दीड दशक विषय फडताळात ठेवणं याला सावधपणा म्हणत नाहीत.

जनावरांचंही तसंच. ऑगस्ट २०२२मध्ये राज्यातल्या लम्पी या त्वचारोगाच्या त्या वर्षीच्या साथीची पहिली नोंद झाली ती आमच्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलला. लम्पीचा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद, म्हणून शेळीची लस गायीला टोचून साथ रोखली. हे बहुतेकांना आजही माहीत नाही, आणि ‘शेळीची लस गायीला कशी चालेल’ म्हणून ती नाकारणारे गोठे मी पाहिले. त्याच महिन्यात हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी देशी लम्पी लस जाहीर केली, आणि तिच्या उत्पादनासाठी डिसेंबरात पुण्याच्या सरकारी संस्थेशी करार झाला.

आणि एक गोष्ट, जी वावराहून मोठी आहे. सातपुड्याच्या कुशीतले चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, पलीकडं साक्री, आणि आपल्या कार्यक्षेत्रातला तिसरा जिल्हा नंदुरबार. इथल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. पेशी विळ्यासारखी वाकते आणि रक्तवाहिनीत अडकते. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ला केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं; चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. जनुक-संपादनाच्या कात्रीनं या आजारावर उपचार करणाऱ्या कॅस्जेव्हीला ब्रिटननं नोव्हेंबर २०२३मध्ये आणि अमेरिकेनं पुढच्या महिन्यात मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. पाड्यावरच्या कुटुंबाला आज त्याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो साध्या विद्राव्यता चाचणीचा, तिला दुजोरा देणाऱ्या एचपीएलसी तपासणीचा, आणि ‘वाहक म्हणजे रोगी नव्हे’ हे पावरी-भिलोरीत बसून सांगणाऱ्या माणसाचा. त्या भाषा बोलणारी मुलं-मुली आपल्या महाविद्यालयांत शिकताहेत. त्यांच्याकडून चार रंगांच्या शाखा पाठ करून घेण्याऐवजी हे काम करून घ्या.

आपलं उत्तर काय येईल याचा अंदाज आहे. शेतीचं काम कृषी विद्यापीठाचं. खरं आहे, जळगावचं केळी संशोधन केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाचंच, धुळ्याचं कृषी महाविद्यालयही. पण राहुरीच्या गळ्यात कितीतरी जिल्हे आहेत, आणि हरण्या कार्यक्षेत्र विचारून येत नाही. दोन्ही विद्यापीठांनी एकत्र बसून ठरवलं तर नमुना कसा घ्यायचा, किती रोपांमागं किती पानं, हे प्रमाण त्यांचं आणि यंत्र व मनुष्यबळ आपलं, असं होऊ शकतं. दुसरं उत्तर मान्यतेचं. विद्यापीठाचा रिपोर्ट कोर्टात टिकेल का? लगेच टिकायची गरज नाही. शेतकऱ्याला तो टेम्पो परत पाठवण्यापुरता हवा आहे. रोपवाटिकेला एकदा कळलं की गिऱ्हाईक पान तपासून घेतं, की निम्मं काम रिपोर्टाआधीच होतं. पैशाचं म्हणाल तर एका रोपाला पंधरा-वीस रुपये मोजणारा शेतकरी एकराच्या तपासणीला मागं सरणार नाही, आणि चार शेजारी मिळून एक नमुना दिला तर भार आणखी हलका.

विद्यापीठात काही होतच नाही असं माझं म्हणणं नाही. शोधनिबंध निघत असतील, पेटंटही असतील. बहिणाबाईंच्या नावाचा हवाला देऊन गळा काढणार नाही. ते सगळेच करतात. मी विद्यापीठाकडं आलो तो साध्या हिशोबानं. कंपनीला आपला माल विकायचा आहे, रोपवाटिकेला रोप, कृषी केंद्राला पाकीट. तिन्ही जिल्ह्यांत विज्ञान जाणणारी आणि काहीही विकायचं नसलेली सर्वांत मोठी संस्था आपली आहे.

मृगबागेची लागवड जूनमध्ये सुरू होते आणि रोपांचं बुकिंग त्याआधी दोन-तीन महिने होतं. खिडकी उघडायची असेल तर फेब्रुवारीत उघडा, आणि पहिल्या वर्षी फक्त एकाच विषाणूची तपासणी ठेवा. शुल्क, वेळ आणि पान कसं आणायचं ते मराठीत लिहून रावेर, सावदा, चोपडा आणि शिरपूरच्या बाजार समित्यांत लावा. पहिलं पान मी घेऊन येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक व केळी-कापूस उत्पादक
यावल तालुका, जि. जळगाव